अरबीतले ‘माझे’, ‘तुझे’, ‘तिचे’: नऊ वाक्ये, नऊ चुका

या प्रकरणातली विद्यार्थिनी मराठी मातृभाषेची आहे आणि अरबी नव्याने शिकते आहे. लिपी वाचता येते, ऱ्हस्व स्वरांच्या खुणा ओळखता येतात, पुल्लिंग-स्त्रीलिंग कळते, ‘अल्’ कधी लावायचा हेही समजले आहे. दीडशेच्या आसपास शब्द पाठ आहेत. मालकीदर्शक सर्वनामांचा तक्ता विचारला तर ती न अडखळता म्हणून दाखवते. तरीही घराबद्दल नऊ साधी वाक्ये लिहायला दिली, तर नऊच्या नऊ वाक्यांत चूक निघाली. परिच्छेद अभ्यासासाठी बांधलेला नमुना आहे; चुका मात्र मराठी भाषकांच्या वह्यांत हमखास सापडणाऱ्याच आहेत.

आधी लेखनाबद्दल एक सूचना. इथे अरबी शब्द देवनागरीत दिले आहेत आणि ते संस्कृत श्लोकासारखे वाचायचे आहेत. म्हणजे जिथे हलंत आहे तिथेच व्यंजन पाय मोडून थांबते, एरवी शेवटचा ‘अ’ पूर्ण म्हणायचा. ‘किताबुक’ म्हणजे कि-ता-बु-क, चार अक्षरे. शेवटचा ‘क’ गिळायचा नाही. ‘‘इंदी’सारख्या शब्दाच्या आधीची उलटी खूण म्हणजे घशातून येणारा ‘ऐन्’ हा वर्ण. अरबीतले दोन ‘स’, दोन ‘त’, दोन ‘ह’ देवनागरीत वेगळे दिसत नाहीत, म्हणून वहीत हे शब्द अरबी लिपीतच लिहावेत.

तक्ता असा. माझे: ‘ई’. तुझे: पुरुषाशी बोलताना ‘क’, बाईशी बोलताना ‘कि’. त्याचे: ‘हु’. तिचे: ‘हा’. आमचे किंवा आपले: ‘ना’. तुमचे: ‘कुम्’, सगळ्या बायका असल्या तर ‘कुन्न’. त्यांचे: ‘हुम्’, सगळ्या बायका असल्या तर ‘हुन्न’. याशिवाय दोघांसाठी ‘कुमा’ आणि ‘हुमा’. एकूण बारा प्रत्यय, आणि सगळे नामाच्या शेवटी चिकटतात. वेगळा शब्द म्हणून ते कधीच लिहिले जात नाहीत.

आता तिची वाक्ये, जशी लिहिली तशी:

१. अल्-किताबी जदीदुन्. (माझे पुस्तक नवे आहे.)
२. हाज़िहि सय्याराई. (ही माझी गाडी आहे.)
३. अबी फ़िस्-सूक़ि, व दुक्कानुहुम् कबीरुन्. (माझे वडील बाजारात आहेत आणि त्यांचे दुकान मोठे आहे.)
४. अख़वानी फ़िल्-मद्रसति. (माझे दोन भाऊ शाळेत आहेत.)
५. जद्दी फ़ी ग़ुर्फ़तुहु. (आजोबा त्यांच्या खोलीत आहेत.)
६. हाज़िहि कुतुबी व सुवरुहुम् जमीलतुन्. (ही माझी पुस्तके, आणि त्यांतली चित्रे सुंदर आहेत.)
७. फ़ी किताबी जदीदुन् सूरतुन्. (माझ्या नव्या पुस्तकात एक चित्र आहे.)
८. या उस्ताज़तु, ऐन बैतुकुम्? (बाई, तुमचे घर कुठे आहे?)
९. या फ़ातिमतु, ऐन अबुकि? (फातिमा, तुझे वडील कुठे आहेत?)

नऊ चुका सरसकट ‘सर्वनामे कच्ची’ या सदरात टाकल्या की शिक्षक पुन्हा तक्ता पाठ करायला लावतो आणि आठवडा फुकट जातो. चुका नीट वेगळ्या करून पाहिल्या तर चित्र निराळे दिसते. सर्वनामच चुकीचे निवडले आहे अशी वाक्ये तीनच: तिसरे, सहावे आणि आठवे. तिन्ही ठिकाणी अनेकवचनाचे सर्वनाम नको तिथे आले आहे. उरलेल्या सहा वाक्यांत सर्वनाम अगदी बरोबर आहे. चुकला आहे तो सांधा, म्हणजे सर्वनाम चिकटताना नामाच्या टोकाचे काय होते ते, आणि सातव्या वाक्यात त्याच सांध्याचा पुढच्या विशेषणावर होणारा परिणाम. तक्त्यात सांधा दिसत नाही. तक्ता सर्वनामांचा असतो. बदलतात ती नामे.

हे प्रकरण लिहायचे कारण तेच आहे. मराठी माणसाला अरबी मालकी अवघड जाते ती प्रत्ययांमुळे नव्हे, त्यांच्या आधीच्या अक्षरामुळे.

पहिले वाक्य, आणि चौथेही: कारण एकच

अरबी व्याकरणकार ‘किताबुक’ या शब्दाकडे ‘पुस्तक + तू’ अशी दोन नामांची जोडी म्हणून पाहतात. पहिले ते ‘मुदाफ़्’, दुसरे ‘मुदाफ़् इलैहि’. ‘किताबु मुहम्मदिन्’ (मुहम्मदचे पुस्तक) आणि ‘किताबुहु’ (त्याचे पुस्तक) या दोहोंची घडण एकच. या जोडीचा कडक नियम असा की पहिल्या नामाला ‘अल्’ चालत नाही आणि शेवटचा ‘न्’कारही, म्हणजे ‘तन्वीन्’ही, चालत नाही. मालक जोडला की नाम आपोआप निश्चित होते, मग निश्चितपणाची दुसरी खूण कशाला?

म्हणून ‘किताबुन्’ (एक पुस्तक), ‘अल्-किताबु’ (ते पुस्तक) आणि ‘किताबी’ (माझे पुस्तक) हे तीन वेगळे मार्ग आहेत. एका नामाला त्यातला एकच घेता येतो. विद्यार्थिनीने दोन घेतले. ‘अल्-किताबी’ वाचणाऱ्याला ‘माझे पुस्तक’ असे वाटतही नाही. अरबीत ‘किताबी’ हे ‘लेखी’ या अर्थाचे विशेषणही आहे. लेखी परीक्षेला ‘अल्-इम्तिहानुल्-किताबी’ म्हणतात. वाचणारा तिकडेच जाईल.

चौथ्या वाक्याचे मूळही तेच. ‘अख़वानि’ म्हणजे दोन भाऊ. द्विवचनाच्या शेवटी येणारा ‘नि’ आणि पुल्लिंगी नियमित अनेकवचनाच्या शेवटी येणारा ‘न’ (‘मुदर्रिसून’, शिक्षक) यांना अरबी व्याकरण तन्वीनच्या जागी आलेला ‘न्’कार मानते. तन्वीन गळते म्हणून हाही गळतो. ‘अख़वानि’तला ‘नि’ गेला की उरते ‘अख़वा’, आणि दीर्घ स्वरापुढे ‘माझे’चा प्रत्यय ‘ई’ न राहता ‘य’ होतो: ‘अख़वाय फ़िल्-मद्रसति’. हेच दोन भाऊ कर्म झाले किंवा शब्दयोगी अव्ययानंतर आले तर ‘अख़वय्य’. शिक्षकांचे ‘मुदर्रिसून’ हे ‘तुझे शिक्षक’ होताना ‘मुदर्रिसूक’ आणि ‘माझे शिक्षक’ होताना ‘मुदर्रिसिय्य’.

तिचे ‘अख़वानी’ हे रूप विशेष घातक आहे, कारण ते लिहिल्यावर चूक दिसतच नाही. स्वरखुणा आणि हम्ज़ा (घशात क्षणभर अडणाऱ्या आवाजाची खूण) न लावता लिहिले की ते हुबेहूब ‘इख़्वानी’ (माझे भाऊ, अनेकवचन) असे दिसते. वाचणारा बिनदिक्कत पुढे जातो, पण दोन भावांचे तीन-चार होतात.

आणि नियम कळला की लगेच उलटी चूक सुरू होते. ‘जीरान्’ (शेजारी) किंवा ‘‘उयून्’ (डोळे) यांतला ‘न’ शब्दाच्या मूळ बांधणीतला आहे, प्रत्ययाचा नाही. तो गळत नाही: ‘जीरानी’, ‘‘उयूनुहा’. ओळखायची खूण सोपी आहे. एकवचन काढून पाहा. ‘मुदर्रिस्’ला ‘ऊन’ जोडून अनेकवचन झाले, म्हणजे तो ‘न’ प्रत्ययाचा. ‘जार्’चे ‘जीरान्’ होताना शब्द आतून मोडून नव्याने बांधला गेला, म्हणजे तो ‘न’ राहणार.

दुसरे वाक्य: लपलेला ‘त’

‘सय्यारा’ हा शब्द स्वराने संपतो असे तिला वाटले, म्हणून तिने सरळ ‘ई’ लावला. या शब्दाच्या शेवटी प्रत्यक्षात ‘ता मर्बूता’ आहे: गोल ‘ह’सारखे दिसणारे, वर दोन टिंबे असलेले अक्षर. वाक्य संपताना किंवा शब्द एकटा म्हणताना त्याचा उच्चार ‘अ’सारखा होऊन विरतो. सर्वनाम लागले की तो गोल उघडतो, साधा आडवा ‘त’ होतो आणि स्पष्ट ऐकू येतो: ‘सय्यारती’, ‘सय्यारतुक’, ‘सय्यारतुहा’.

इथे मराठी भाषकाला एक हक्काचा आधार आहे आणि तो वर्गात फारसा वापरला जात नाही. फारसीमार्गे मराठीत आलेल्या कितीतरी अरबी शब्दांत हाच ‘त’ शाबूत राहिला आहे: किंमत, मुदत, दौलत, हिंमत, इज्जत, हुकूमत. आजच्या अरबीत हे शब्द एकटे म्हटले की ‘क़ीमा’, ‘मुद्दा’, ‘दौला’ असे ऐकू येतात. ‘त्याची किंमत’ म्हणताना मात्र ‘क़ीमतुहु’, ‘आमचे सरकार’ म्हणताना ‘हुकूमतुना’. मराठी कानाला ओळखीचा असलेला ‘त’ परत येतो. किल्ला, मदरसा अशा शब्दांत मराठीने तो सोडून दिला, पण अरबीत तोही परततो: ‘क़ल‘तुना’, ‘मद्रसतुहा’.

वहीत शब्द लिहितानाच ‘सय्यार(त)’, ‘ग़ुर्फ़(त)’ असे कंसातला ‘त’ लावून लिहायची सवय ठेवली तर ही चूक पहिल्या आठवड्यातच बंद होते. ‘सय्यारा’ असा काना देऊन लिहिणे हेच या चुकीचे घर आहे. गंमत अशी की ही विद्यार्थिनी ‘जद्दती’ (माझी आजी) हा शब्द कुठेही बरोबर लिहील, कारण तो तिने तसाच ऐकून पाठ केला आहे. ‘जद्दा’ आणि ‘सय्यारा’ एकाच जातीचे शब्द आहेत हे तिला कुणी दाखवले नाही.

तीन, सहा, आठ: आदर आणि अनेकवचन

इथे मराठी आड येते. वडील एकच, पण मराठीत ‘त्यांचे दुकान’. बाई एकच, पण ‘तुमचे घर’. मराठीतला आदर अनेकवचनातून बोलतो आणि विद्यार्थिनीने तो शब्दशः अरबीत नेला. ‘दुक्कानुहुम्’ वाचून अरबी माणूस विचारेल: कुणाकुणाचे दुकान? वडील एक, म्हणून ‘दुक्कानुहु’. बाई एक आणि समोर उभ्या, म्हणून ‘बैतुकि’.

आठव्या वाक्यावर विद्यार्थी हमखास हरकत घेतात: एकट्या माणसालाही आपण ‘अस्सलामु अलैकुम्’ म्हणतो, मग ‘कुम्’ का चालत नाही? हरकत रास्त आहे. अभिवादनातला ‘कुम्’ ठरून गेलेला आहे. औपचारिक पत्रात, मोठ्या पदावरच्या व्यक्तीला उद्देशून लिहितानाही ‘कुम्’ येतो. पण रोजच्या बोलण्यात आदर सर्वनामातून येत नाही. तो संबोधनातून येतो. इजिप्तमध्ये ‘तू’च्या जागी ‘हद्‌रितक्’ (बाईला ‘हद्‌रितिक्’) म्हणतात, म्हणजे ‘आपण’. त्यातही शेवटचे सर्वनाम एकवचनीच आहे. नवशिक्याने ‘या उस्ताज़तु’ म्हणून हाक मारली की आदराचे काम झाले, पुढे निर्धास्तपणे ‘कि’ वापरावा.

दुसऱ्या पुरुषातला ‘क’ आणि ‘कि’ हा भेद मराठीत नाही. ‘तुझे’ हे रूप मुलाला आणि मुलीला सारखेच. उलट ‘त्याचे’ आणि ‘तिचे’ हा भेद मराठीत आहे, म्हणून ‘हु’ आणि ‘हा’मध्ये मराठी विद्यार्थी क्वचितच गोंधळतो. सराव करताना हे लक्षात ठेवून वेळ वाटावा: ‘हु-हा’वर थोडा, ‘क-कि’वर भरपूर. ‘क-कि’चा सराव एकट्याने वहीत होत नाही. समोर खरोखर एक मुलगा आणि एक मुलगी बसवून, दोघांना आळीपाळीने तोच प्रश्न विचारावा: ‘ऐन किताबुक?’, ‘ऐन किताबुकि?’ वाक्याच्या शेवटी थांबताना शिष्ट अरबीत हा शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो आणि दोन्ही ‘किताबुक्’ असे ऐकू येतात, म्हणून सरावाचे वाक्य सर्वनामावर संपू देऊ नये. ‘ऐन किताबुकि या फ़ातिमतु?’ असे पुढे चालू ठेवावे. बोलीभाषांनी या अडचणीवर उपाय शोधला, स्वर ‘क’च्या आधी घेतला: इजिप्तमध्ये ‘किताबक्’ मुलाला, ‘किताबिक्’ मुलीला. आखातातल्या बोलींत मुलीसाठी ‘किताबिच्’ असेही ऐकू येते.

सहाव्या वाक्यातला ‘हुम्’ निराळ्या कारणाने चुकला. मराठीत पुस्तकांनाही ‘त्यांची’ आणि माणसांनाही ‘त्यांची’. अरबीत निर्जीवांचे किंवा प्राण्यांचे अनेकवचन व्याकरणाच्या दृष्टीने एकवचनी स्त्रीलिंग धरतात. पुस्तके म्हणजे ‘ती’, एकटी बाई जशी. म्हणून ‘सुवरुहा’. गंमत म्हणजे विद्यार्थिनीने त्याच वाक्यात ‘हाज़िहि’ (ही, स्त्रीलिंगी एकवचन) आणि ‘जमीलतुन्’ बरोबर लिहिले आहे. नियम तिला ठाऊक आहे. दर्शक सर्वनामाला आणि विशेषणाला तो लागू होतो हे शिकवले होते, मालकीच्या सर्वनामालाही लागू होतो हे कुणी म्हटले नव्हते.

पाचवे वाक्य: मधला स्वर

‘किताब्’ आणि ‘हा’ यांच्यामध्ये एक ऱ्हस्व स्वर असतो, आणि तो नामाची विभक्ती सांगतो. कर्ता असेल तर ‘उ’: किताबुहा. कर्म असेल तर ‘अ’: किताबहा. शब्दयोगी अव्ययानंतर किंवा दुसऱ्या नामाच्या मागे असेल तर ‘इ’: किताबिहा. ‘फ़ी’ (मध्ये) नंतर नेहमी ‘इ’. म्हणून ‘फ़ी ग़ुर्फ़तुहु’ हे दोनदा चुकले. आधी ‘तु’चा ‘ति’ व्हायला हवा होता, आणि ‘ति’ झाला की पुढच्या ‘हु’चाही ‘हि’ होतो: ‘फ़ी ग़ुर्फ़तिहि’.

‘हु’चा ‘हि’ केवळ उच्चाराच्या सोयीने होतो. आधी ‘इ’, ‘ई’ किंवा ‘य्’ आला की ‘हु’, ‘हुम्’, ‘हुमा’ आणि ‘हुन्न’ यांतला ‘उ’ बदलून ‘हि’, ‘हिम्’, ‘हिमा’, ‘हिन्न’ होतात. ‘हा’, ‘क’, ‘कि’, ‘कुम्’ यांना काही होत नाही. महाराष्ट्रात हा नियम अनेकांच्या कानावरून गेलेला आहे: पैगंबरांच्या नावानंतर येणाऱ्या ‘अलैहिस्सलाम’मध्ये ‘हि’ आहे, तर ‘रदियल्लाहु अन्हु’मध्ये ‘न्’च्या पुढे ‘हु’ तसाच आहे, आणि स्त्रीसाठी ‘अन्हा’. ‘मौलाना’ आणि ‘सय्यदना’ यांच्या शेवटी ‘आमचे’ असलेला ‘ना’ बसला आहे. हे शब्द ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यय शिकवायला लागत नाहीत, फक्त दाखवून द्यावे लागतात. कुरआन पठणातून आलेले विद्यार्थी मात्र ‘किताबुहू’ असा दीर्घ ‘हू’ म्हणतात, कारण पठणात तो लांबवतात. लिहिताना त्यापुढे ‘वाव’ हे अक्षर काढायचे नाही एवढे त्यांना बजावून सांगावे.

इथे शिकवण्याच्या क्रमाबद्दल ठाम मत सांगायला हवे. जवळजवळ सगळीकडे सुरुवात ‘माझे’पासून होते आणि ते चूक आहे. बाराही प्रत्ययांत ‘ई’ हा सर्वांत आडमुठा. तो मधला विभक्तीचा स्वर गिळून टाकतो, म्हणून ‘किताबी’ तिन्ही विभक्तींत ‘किताबी’च राहते आणि विद्यार्थ्याला मधला स्वर असतो हे कळतच नाही. दीर्घ स्वरानंतर तो ‘य’ होतो. क्रियापदाला लागताना ‘नी’ होतो. सुरुवात ‘हा’ने करावी. तो कधीच बदलत नाही आणि त्याच्या आधीचा स्वर नेहमी स्पष्ट ऐकू येतो: बैतुहा, बैतहा, बैतिहा. ‘हा’ पक्का झाला की ‘क’, मग ‘हु’, आणि ‘ई’ सर्वांत शेवटी.

सातवे वाक्य

‘किताबी जदीदुन्’ हे पूर्ण वाक्य आहे: माझे पुस्तक नवे आहे. ‘माझे नवे पुस्तक’ म्हणायचे तर विशेषणालाही ‘अल्’ लागतो, कारण ‘किताबी’ निश्चित आहे आणि विशेषण नामाच्या निश्चितपणाला अनुसरते. विभक्तीही तीच. म्हणून ‘फ़ी किताबिल्-जदीदि सूरतुन्’. लिहिताना ‘किताबी’चा दीर्घ ‘ई’ कायम असतो, पुढे ‘अल्’ आल्यामुळे बोलताना ऱ्हस्व होतो. हाच पेच दर्शक सर्वनामात येतो. मराठीतल्या ‘हे माझे पुस्तक’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. अरबीत वाक्य असेल तर ‘हाज़ा किताबी’, शब्दसमूह असेल तर ‘किताबी हाज़ा’.

नववे वाक्य: वडील, भाऊ, सासरे

‘अब्’ (वडील), ‘अख़्’ (भाऊ), ‘हम्’ (सासरा) आणि ‘फ़म्’ (तोंड) याचे ‘फ़ू’ हे रूप, या मोजक्या नामांत मालक जोडला की मधला स्वर दीर्घ होऊन पूर्ण अक्षर बनतो: ‘अबूकि’ कर्ता, ‘अबाकि’ कर्म, ‘अबीकि’ अव्ययानंतर. ‘माझे’ असेल तर मात्र साधे ‘अबी’, ‘अख़ी’. पारंपरिक व्याकरणात अशी पाच नामे मोजतात. पाचवे ‘ज़ू’, पण त्याला सर्वनाम लागत नाही. ‘उम्म्’ (आई) आणि ‘उख़्त्’ (बहीण) या यादीत नाहीत: ‘उम्मुकि’, ‘उख़्तुकि’. वडिलांबरोबर आई शिकवली की ‘उम्मूकि’ हमखास येते, तेव्हा दोन्ही एका दिवशी शिकवू नयेत.

ही चूक बाकीच्यांपेक्षा जास्त गंभीर धरावी. छापील अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे ‘किताबुक’, ‘किताबक’, ‘किताबिक’ तिन्ही एकसारखी दिसतात. पाचव्या वाक्यातला स्वर चुकला तरी कागदावर कळत नाही. ‘अबूकि’, ‘अबाकि’, ‘अबीकि’ यांत मात्र ‘वाव’, ‘अलिफ़’, ‘या’ ही अक्षरे उघड दिसतात. असेच द्विवचनात, नियमित पुल्लिंगी अनेकवचनात आणि हम्ज़ाने संपणाऱ्या शब्दांत. ‘अस्दिक़ा’ (मित्र) याच्या शेवटच्या हम्ज़ाची बैठक स्वराप्रमाणे बदलते: ‘अस्दिक़ाउक’मध्ये वाववर, ‘अस्दिक़ाइक’मध्ये ‘या’वर, ‘अस्दिक़ाअक’मध्ये ओळीवर एकटा. लेखी परीक्षेत गुण जातात ते इथे.

उपाय

तक्ता पुन्हा पाठ करायचा नाही. पाच नामे घ्यायची, प्रत्येकाचे टोक वेगळे: ‘किताब्’ (व्यंजन), ‘सय्यारा’ (गोल ता), ‘अब्’ (दीर्घ होणारे), ‘अस्दिक़ा’ (हम्ज़ा), ‘मुस्तश्फ़ा’ (रुग्णालय, शेवटी अलिफ़ मक़्सूरा, म्हणजे टिंबांविना ‘या’सारखा लिहिलेला ‘आ’, जो सर्वनामापुढे साध्या अलिफ़ने लिहितात: ‘मुस्तश्फ़ाहा’, ‘मुस्तश्फ़ाय’). यांना ‘हा, क, हु, ना, ई’ याच क्रमाने पाच सर्वनामे. पाच गुणिले पाच, २५ चौकटी. पहिले तीन दिवस फक्त कर्त्याच्या रूपात, रोज २० मिनिटे, हाताने, स्वरखुणांसह. चौथ्या दिवसापासून तीन वाक्यांचे साचे: ‘हाज़ा/हाज़िहि/हाउलाइ …’, ‘रऐतु …’ (मी पाहिले), ‘म‘अ …’ (बरोबर) किंवा ‘फ़ी …’. आता ७५ रूपे होतात. अर्थाने न बसणारी (‘वडिलांमध्ये’ वगैरे) सोडून द्यावीत; उगाच निरर्थक वाक्ये घोकू नयेत.

तपासताना प्रत्येक चौकटीला दोन गुण ठेवावेत, एक सर्वनामाचा, एक सांध्याचा, आणि दोन रंगांनी खुणा कराव्यात. या विद्यार्थिनीच्या पहिल्या परिच्छेदाला असे गुण दिले असते तर सर्वनामाचे नऊपैकी सहा आणि सांध्याचे नऊपैकी तीन आले असते, आणि दुखणे कुठे आहे ते पहिल्या नजरेतच कळले असते.

दुसऱ्या आठवड्यात ‘असणे’. इंग्रजी माध्यमातून शिकणारे इथे अडखळतात, कारण ते ‘have’सारखे एकच क्रियापद शोधत राहतात. अरबीत ते नाही आणि मराठीतही नाही, म्हणून थेट मराठीवरून जावे. मला दोन भाऊ आहेत: ‘ली अख़वानि’. माझ्याकडे गाडी आहे: ‘‘इंदी सय्यारतुन्’. माझ्याजवळ (आत्ता, सोबत) पेन आहे: ‘म‘ई क़लमुन्’. आजच्या वापरात ‘‘इंदी’ भावांसाठीही चालतो. ‘लि’ला सर्वनाम लागताना त्याचा ‘ल’ होतो, ‘लक, लहु, लहा, लना’. फक्त ‘ली’ वेगळा.

बोलीतले मालकीचे शब्द या टप्प्यावर आणू नयेत. इजिप्तचा ‘बिता‘ई’ (स्त्रीलिंगी वस्तूला ‘बिता‘ती’), शाम प्रदेशातला (सीरिया, लेबनॉन वगैरे) ‘तब‘ई’, मोरोक्कोचा ‘द्याली’, आखात आणि इराकमधला ‘माली’ हे सगळे खरे आणि उपयोगी आहेत. ‘बिता‘’ तर मराठी ‘माझा-माझी’सारखा वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणून मराठी माणसाला तो झटकन आवडतो. पण त्याने सांधा टाळता येतो, आणि ज्याला सांधा येत नाही तो कायमचा त्याच्या मागे लपतो. आखातात नोकरीला जाणाऱ्याने दोन्ही शिकावेत, सांधा आधी.

दुसरा मसुदा

दुरुस्त वाक्ये अशी व्हायला हवीत: ‘किताबी जदीदुन्’. ‘हाज़िहि सय्यारती’. ‘अबी फ़िस्-सूक़ि, व दुक्कानुहु कबीरुन्’. ‘अख़वाय फ़िल्-मद्रसति’. ‘जद्दी फ़ी ग़ुर्फ़तिहि’. ‘हाज़िहि कुतुबी व सुवरुहा जमीलतुन्’. ‘फ़ी किताबिल्-जदीदि सूरतुन्’. ‘या उस्ताज़तु, ऐन बैतुकि?’ ‘या फ़ातिमतु, ऐन अबूकि?’

नमुन्यातल्या दुसऱ्या मसुद्यात यांपैकी सात बरोबर आली. पाचवे अर्धे सुधारले: ‘ग़ुर्फ़तिहु’, म्हणजे ‘ति’ आला पण ‘हि’ राहिला. त्यासाठी वेगळा नियम पाठ करायला न देता ‘फ़ीहि, ‘अलैहि, इलैहि, बिहि’ हे चार शब्द दिवसातून काही वेळा मोठ्याने म्हणायला द्यावेत, जीभ स्वतःच वळते. नवव्यात ‘अबूकि’ बरोबर आले. मात्र तिने आपणहून जोडलेल्या दहाव्या वाक्यात ‘उम्मूकि’ लिहिले, म्हणजे आई आणि वडील एकाच दिवशी शिकवले गेले होते. चौथ्यात ‘अख़वाय’ऐवजी ‘अख़वई’ आले. ‘य’चा सांधा कच्चा आहे, म्हणून २५ चौकटींतली ‘मुस्तश्फ़ा’ची ओळ आणखी तीन दिवस. त्यानंतर हीच सर्वनामे क्रियापदांना लावायला घ्यावीत, ‘रआहा’ (त्याने तिला पाहिले), ‘रआक’, ‘रआहु’ या क्रमाने, आणि पुन्हा सर्वांत शेवटी ‘रआनी’.